बालाघाट, झेरघाट आणि हिरडा

सौंसर-पांढुर्ण्याकडील मराठी घरात मूल जन्माला आले की बारशाच्या गडबडीतच कोणीतरी वडीलधारी बाई फडताळातून सहाण काढते, ती स्वच्छ धुऊन मांडीजवळ घेते, आणि गुटीच्या पुरचुंडीतून वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड यांच्या पाठोपाठ एक काळसर, सुरकुतलेले, अंगठ्याच्या पेराएवढे फळ उचलून ते उकळून निवविलेल्या पाण्याच्या थेंबात उगाळू लागते. जायफळाचा एक वळसा, वेखंडाचा एक, त्या काळ्या फळाचे मात्र दोन-तीन. हे वळसे हेच तिचे माप, आणि हे माप तिच्या सासूने तिच्या मनगटात उतरविलेले असते. सहाणेवर पिवळसर-तपकिरी, तुरट वासाची साय धरते, ती बोटाने निपटून बाळाच्या ओठाला लावली जाते, आणि बाळ तोंड वेडेवाकडे करते. ते फळ म्हणजे हिरडा. त्याच बाईस, 'याचे झाड दाखवा,' असे कोणी म्हटले, तर ती क्षणभर गोंधळेल. कारण जे फळ तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदले, त्याचे झाड तिच्या गावच्या शिवारात बहुधा नसतेच. पारावर पिंपळ आहे, बांधावर मोह आहे, पडिकात बोर आणि पळस आहेत; हिरडा नाही. घरोघर वास, पण शिवारात ठाव नाही, ही या वृक्षाची स्थिती कशी झाली, याचा शोध घेऊ जाता वनस्पतिशास्त्राइतकाच इतिहासाचाही दप्तरखाना उघडावा लागतो.

प्रथम मुलूख पाहू. पांढुर्ण्याकडून येणारी जाम नदी सौंसरच्या बाजूस उतरत पुढे कन्हानेस मिळते. तिच्याच परिसरात, नागपूर-छिंदवाड्याच्या वाटेवरील सौंसरपासून जवळ, जामसांवली हे क्षेत्र आहे. येथे पिंपळाखाली निजलेल्या मारुतीचे दर्शन घेण्यास विदर्भातून आणि सातपुड्याच्या माथ्यावरून, दोन्ही दिशांनी लोक येतात. या दोन दिशा केवळ यात्रेकरूंच्या नव्हेत. छिंदवाड्याच्या जुन्या जिल्ह्याचे महसुली भाषेत दोन भाग पडत: वरचा तो बालाघाट आणि खालचा तो झेरघाट. फारसीत 'बाला' म्हणजे वर आणि 'जेर' म्हणजे खाली. बालाघाट नावाचा जो स्वतंत्र जिल्हा आहे त्याचा येथे संबंध नाही. छिंदवाडा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० फुटांवर आहे, सौंसर त्याहून सुमारे हजार फुटांनी खाली. आणि या दोहोंमध्ये सिल्लेवानीचा घाट आहे, ज्याच्या वळणांवर मोटारीतील मुले आजही पोट धरून बसतात. देवगडच्या गोंड राजांचे ठाणे डोंगरात होते. बख्त बुलंदाने नागपूर वसविले आणि त्या राज्याची दृष्टी मैदानाकडे वळली. पुढे भोसल्यांचा अंमल आला, १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. राज्ये बदलली, पण वरचा मुलूख आणि खालचा मुलूख ही विभागणी कोणालाच मोडता आली नाही, कारण ती कोण्या दिवाणाने केलेली नव्हती. तीवर सही डोंगराची होती.

गावांची नावे वाचली तरी झेरघाटातील झाडांची खानेसुमारी होते. मोहगाव, पिंपळा, बोरगाव, बडचिचोली: मोह, पिंपळ, बोर, आणि शेवटच्या नावात तर वड आणि चिंच हातात हात घालून उभे. काळ्या जमिनीत, कपाशीच्या आणि आता संत्र्याच्या मुलखात, मनुष्याच्या वस्तीशी सलगी करून राहणारी ही झाडे. घाट चढून वर जावे, अमरवाड्याच्या पलीकडे, तर जुन्या गोंड जहागिरींपैकी एक हर्रई नावाची लागते. हिंदीत हिरड्यास हर्रा म्हणतात. केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्तीची इमारत उभारू नये हे खरे. पण खाली ज्या नावाचा पुकाराच होत नाही ते वर गेल्यावर असे कानावर पडावे, याची नोंद तरी करावी.

वृक्षांचा आणि भूमीचा हा संबंध आपल्या पूर्वसूरींस उत्तम ठाऊक होता. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी कोठून घ्यावी हे सांगताना देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार केले आहेत, आणि प्रत्येकाची ओळख तेथील वारा, पाणी, माणसे यांबरोबर तेथील झाडांवरून पटविली आहे. जांगल देशाच्या यादीत खदिर, असन, धव, शल्लकी, बदरी, तिंदुक, अश्वत्थ, वट आणि आमलकी येतात. मराठीत उतरवा: खैर, बिजा, धावडा, सालई, बोर, तेंदू, पिंपळ, वड, आवळा. सौंसरच्या टेकड्यांवर एखाद्या वनरक्षकाने आज सकाळी फेरी मारून वहीत टिपलेली नावे वाटावीत, इतकी ही यादी झेरघाटाशी जुळते. तीत आमलकी आहे, हरीतकी, म्हणजे हिरडा, नाही. ज्या ग्रंथाच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच पाद अभया आणि आमलकी, म्हणजे हिरडा आणि आवळा, यांच्या जोडनावाने आरंभतो, त्याच ग्रंथाच्या भूमिवर्णनात ही जोडी फुटते: आवळा कोरड्या देशात राहतो, हिरडा तेथून उठून जातो. त्रिफळा चूर्णाच्या डबीत सुखाने एकत्र नांदणारी ही भावंडे रानात वेगवेगळ्या घरची असतात. आवळा खडकाळ, उन्हाळलेल्या उतारावरही तग धरतो. बेहड्यास ओढ्याकाठची, दरीतील खोल माती मानवते. आणि हिरडा या दोहोंच्या वर, जेथे पाणी मुळाशी थांबते पण साचत नाही आणि माथ्यावर उजेड मोकळा असतो, अशा जागी चढून बसतो.

सोळाव्या शतकात भावमिश्राने हरीतकीचे सात भेद सांगितले: विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती, चेतकी. प्रत्येकीचे रूप सांगितले, कोणी भोपळ्यासारखी गोल, कोणी मांसल, कोणी पाच रेखांची, कोणी तीन रेखांची. आणि त्याबरोबर प्रत्येकीचा देशही सांगितला. विजया विंध्यातील, चेतकी हिमालयातील, पूतना सिंधूकडील, जीवंती सौराष्ट्रातील. आजचा शास्त्रज्ञ या सातांस सात जाती मानणार नाही; एकच जाती भिन्न हवामानात भिन्न रूपे धारण करते एवढेच तो म्हणेल. परंतु एका वृक्षाच्या फळाचा आकार हा त्याच्या देशाचा दाखला असतो, हे सूत्र त्या सात नावांत आहेच. आणि नकाशाचा कागद हाती नसताना केलेला हा वृक्षाच्या विस्ताराचा नकाशाच होय.

त्याच शतकात, १५६३ साली, गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने मायरोबलान नावाच्या फळांचे एक प्रकरण घातले. युरोपातील वैद्य अरबांच्या द्वारे आलेली ही फळे पाच प्रकारची मानीत: पिवळी, काळी अथवा हिंदी, काबुली, बेहड्याची आणि आवळ्याची. त्यांतील पहिली तीन वस्तुतः एकाच झाडाची, वयाच्या निरनिराळ्या टप्प्यांवरची फळे. हे गूढ आपल्या काष्ठौषधीच्या दुकानदारास कधीच पडले नाही. आठळी धरण्यापूर्वीच गळलेले वा उतरविलेले, वाळून काळे पडलेले कोवळे फळ तो बाळहिरडा; अर्धवट पक्व, पिवळट, तो रंगारी किंवा चांभारी हिरडा; आणि पूर्ण पिकलेला, जड, भरदार तो सुरवारी. गंमत अशी, की काबूलच्या व्यापारी वाटेने पश्चिमेस गेल्यामुळे फळास काबुली हे विशेषण चिकटले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडिश वनस्पतिज्ञ रेट्झियस याने वृक्षास टर्मिनालिया चेब्युला हे नाव दिले तेव्हा तेच काबूल त्यात कायम झाले. ज्या शहरातून माल गेला ते नावात राहिले. ज्या डोंगरातून माल आला ते डोंगर नावाबाहेर राहिले.

आता रानाकडे. १९३६ साली हॅरी चॅम्पियन यांनी हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील वनप्रकारांची पाहणी प्रसिद्ध केली, आणि १९६८ साली सेठ यांच्या साह्याने तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. आजही प्रत्येक वनखात्याची कार्य-आयोजना याच वर्गवारीच्या भाषेत बोलते. तिच्या हिशेबाने झेरघाटाचे रान हे दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानझडीचे: मुख्यतः साग, त्यासोबत ऐन, धावडा, तेंदू, आणि अगदी तापल्या उतारांवर पांढऱ्या बुंध्याची सालई. घाट चढून तामिया-पचमढीच्या बाजूस गेले की पावसाचे मान वाढते, वालुकाश्माच्या कड्यांखाली ओल टिकते, आणि आर्द्र पानझडीचे मिश्र रान लागते. तेथेच, पचमढीच्या पठारावर आणि देलाखारीच्या परिसरात, पूर्वेकडील आपल्या मूळ साम्राज्यापासून तुटलेली सालवनाची बेटे आहेत. कॅप्टन जेम्स फोर्सिथ, जो १८६२ साली पचमढीस आला आणि ज्याचे मध्य हिंदुस्थानच्या उच्च भूमीवरील पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले, त्यालाही या एकाकी सालाने चकित केले होते. साल आणि साग यांची शीव इतकी ठसठशीत, की जणू मोजणी कामगाराने साखळी टाकून दगड रोवावेत.

हिरड्यास अशी शीवच नाही. तो शुष्क सागवानात आहे, पण एकरा-एकरांत एखादा; आर्द्र मिश्र रानात अधिक आहे, पण तेथेही घोळक्याने नाही; सालवनाच्या कडेस आहे; हिमालयाच्या बाह्य रांगांत रावीच्या पूर्वेस आसामपर्यंत, सुमारे पाच हजार फूट उंचीपर्यंत आहे; आणि सह्याद्रीत तर महाबळेश्वर, भीमाशंकर, जुन्नर-आंबेगावच्या माथ्यावर निमसदाहरित रानाच्या काठाशी, जांभूळ-अंजनीच्या सोबतीस, वाऱ्याने वाकविलेल्या बुटक्या रूपात आहे. काळ्या पाषाणावर, वालुकाश्मावर, महाबळेश्वरच्या तांबड्या जांभ्यावर, कशावरही तो उभा राहतो. जुन्या मराठी महसुली भाषेत सांगावयाचे तर साग आणि साल हे रानाचे मिरासदार. वंशपरंपरेने ठरलेली जमीन दाबून बसलेले, आणि आपल्या हद्दीत दुसऱ्यास फारसे न घेणारे. हिरडा हा उपरी: मिरास कोठेच नाही, पण चार परगण्यांत चार तुकडे कसून तो निर्वाह करतो. म्हणून वनप्रकाराच्या कोणत्याही शीर्षकात त्याचे नाव येत नाही, आणि म्हणूनच कोणत्याही एका वनप्रकाराच्या नाशाने तो निःशेषही होत नाही.

असा एखादा हिरडा जवळून पाहावा. सिल्लेवानीसारख्या घाटात, चैत्र संपता संपता, जेव्हा साग अद्याप उघडा असतो, तेव्हा याची नवी पालवी रुपेरी-तांबूस लवेने चमकते. पान उलटून देठाच्या वरच्या टोकाशी बोट फिरविले तर दोन बारीक गाठी लागतात, आणि ऐन-बेहड्यांच्या गर्दीत हीच त्याची सनद. पाठोपाठ फिकट, उग्र वासाचा मोहर येतो. फळ धरते ते हिवाळ्यात भरते आणि गळून पडते. गर वाळतो तेव्हा आतील कठीण आठळीवर आवळून बसतो, आणि त्यामुळेच ते पाच कंगोरे उठतात.

या गरात वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतके कषायद्रव्य असते, आणि येथे औषधीच्या कथेत बाजार शिरतो. रंगारी कापड प्रथम हिरड्याच्या काढ्यात भिजवीत, मग तुरटी देत, मग आलाच्या मुळ्यांचा तांबडा रंग चढवीत. हिरड्यास हिराकसाची जोड दिली की काळा रंग आणि काळी शाई सिद्ध होई. कातडी कमाविणाऱ्यास तर तो नित्याचाच. १८६९ साली ॲलिझरिन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाला आणि आलाची शेती हळूहळू बसली. हिरडा मात्र बसला नाही, कारण इंग्लंडातील चामड्याच्या कारखान्यांना कषायद्रव्य हवे होते. निर्यातीच्या मालास बंदरांची आणि पेठांची नावे पडली: भिमलीपट्टणचा माल, वेंगुर्ल्याचा माल, आणि मध्य प्रांताच्या रानांतून निघालेला तो जबलपुरी. भावमिश्राच्या सात भेदांत देश रोगासाठी सांगितला होता. या व्यापारी भेदांत तो चामड्याच्या रंगासाठी सांगितला गेला. जॉर्ज वॅट यांच्या आर्थिक वनस्पतींच्या कोशात, जो १८८९ पासून निघू लागला, हिरड्याचे हे व्यापारी रूप विस्ताराने आले आहे.

माल डोंगरातून येत असे, तेव्हा डोंगर कोणाचा, हा प्रश्न ओघानेच आला. होशंगाबादच्या बाजूचे बोरीचे रान १८६५ साली राखीव झाले. त्याच वर्षी पहिला वनकायदा आणि १८७८ साली दुसरा. जहागिरींत, हर्रई, बटकाखापा, सोनपूर येथे, जहागीरदाराचा शब्द चाले. मालगुजारी गावांत मालगुजाराचा. आणि गावकऱ्यांचा हक्क बंदोबस्ताच्या वेळी तयार झालेल्या वाजिब-उल-अर्ज नामक दस्तात उतरविला जाई. त्यात जळाऊ लाकूड, गवत, काटे, घराची बल्ली, यांचा निस्तार लिहिलेला असे. रानचे फळ हे ज्याने वेचले त्याचे, की ज्याच्या सातबाऱ्यासारख्या कागदावर रान चढले त्याचे, हा तंटा तेव्हापासूनचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. जाण्यापूर्वी पुष्कळ मालगुजारांनी आपली राने घाईघाईने तोडून पैसे करून घेतले, आणि त्या तोडीत तेंदू-मोहासारखी जपण्याची झाडे काही ठिकाणी वाचली, उपऱ्या हिरड्याची मात्र कोणी वकिली केली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरच्या अंगणात वाढलेला, मराठी बोलणारा झेरघाट छिंदवाड्यासह मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून एकाच फळास येथे दोन नावे लागू आहेत: सहाणेवर तो हिरडा, सरकारी पावतीवर हर्रा. मध्य प्रदेशात १९६४ साली तेंदूपानाचा व्यापार शासनाने हाती घेतला, १९६९ साली वनोपजांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला, आणि त्याखाली हर्राही शासकीय मक्त्याच्या यादीत आला. १९८४ साली लघु वनोपज संघ स्थापन होऊन वेचणाऱ्यांच्या समित्या आल्या. सह्याद्रीच्या मराठी मुलखात, जुन्नर-आंबेगावकडे, महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा वेचून आदिवासी विकास महामंडळाकडे घालू लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली. वाजिब-उल-अर्जाने जे मोघम ठेवले होते ते कागदावर स्पष्ट व्हायला सुमारे दीडशे वर्षे लागली.

तोवर रानाने आपला हिशेब निराळ्या वहीत मांडला होता. हिरड्याचे बी जाड आठळीत कोंडलेले, रुजण्यास नाखूष. फळ गळते ते माणूस वेचतो, उरते ते चितळ खाते. रोप वाढते ते अत्यंत मंद. त्यात फाल्गुनात मोहफुले वेचणे सोयीचे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची, आणि तेंदूस नवी कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे जाळण्याची रीत. थोर हिरड्याची जाड साल या वणव्यास पुरून उरते, वीतभर रोप उरत नाही. कोरड्या सागवानात वणवा सहज पसरतो, ओल्या दरीत तो अडखळतो. म्हणजे झेरघाटात हिरडा विरळ आणि बालाघाटात अधिक, याचे कारण पावसात जितके आहे तितकेच काडेपेटीतही आहे. आणि मोह, जो या माणसांस अन्न देतो, त्याच्या पायीच हिरडा, जो त्यांस औषध देतो, मागे हटला. चरकाच्या जांगल देशात त्याचे नाव नाही हे निसर्गाने केले. झेरघाटाच्या टेकड्यांवर होता तेथूनही तो उणावला हे आपण केले. वनप्रकारांचा नकाशा आपण निसर्गाची लिपी म्हणून वाचतो, परंतु त्यातील अर्धी अक्षरे माणसांच्या हातची असतात.

तामिया तहसिलीतील पाताळकोट, जेथे भारिया लोक खोल दरीत राहतात आणि त्यांचे भुमका रोग्यास मुळी-साली देतात, तेथे हे हस्ताक्षर अद्याप थोडे पडले आहे. २०१९ साली त्या दरीस जैवविविधता वारसास्थळ घोषित करण्यात आले. कोणाही भुमक्यास हिरडा विचारला तर तो आधी फळ दाखवीत नाही. कोणत्या धारेवरचा, कोणत्या पाण्याकाठचा, हे सांगू लागतो.

जामसांवलीस परत येऊ. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. झेरघाट आता बालाघाटाच्या कचेरीचा ताबेदार राहिला नाही. देवळात निजलेल्या मारुतीवर पिंपळाची सावली आहे. पिंपळाचे बी मोहरीहून बारीक. पाखराच्या पोटातून येते, भिंतीच्या फटीतही रुजते, आणि चार पिढ्यांत त्याखाली देव बसतो व गावास नाव मिळते. हिरड्याची आठळी जेथे पडली तेथेच पडून राहते. तिला घाट उतरवून आणणारे पाखरू नाही. ती उतरते ती माणसाच्या पाठीवरच्या पोत्यातून, आणि तीही सहाणेवर झिजण्यासाठी, रुजण्यासाठी नव्हे.

या मारुतीची एक कथा लहान मुलासही पाठ असते: औषधी ओळखू येईना म्हणून त्याने डोंगरच उचलून आणला. आपण ती त्याच्या बळाची कथा म्हणून सांगतो. पण भुमक्याच्या कानाने ऐकली तर तीत निराळाच अर्थ आहे: औषधी तिच्या डोंगरासकटच ओळखता येते. आपण मात्र गेली दीडशे वर्षे उलट करीत आलो. औषधी तेवढी खाली आणली, तिला प्रत लावली, मक्ता दिला, पावती फाडली. डोंगर वरच राहिला. झेरघाटातील कोण्या आजीने उद्या गुटीच्या पुरचुंडीतील एक हिरडा उगाळण्याऐवजी ओल्या उतारावर पुरला, आणि दोन उन्हाळे त्याभोवतीचा पाचोळा कोणी पेटविला नाही, तर त्या फळास काबूलचे नाव गेले शेकडो वर्षे उगाच चिकटलेले आहे, ते निदान एका रोपापुरते तरी पुसले जाईल.